लावणाऱ्याने फळ खावे: चिखलदऱ्याच्या कॉफीमळ्यातील एक दिवस

अभ्यासासाठी शास्त्रभाग: यशया ६५:२१–२२, लेवीय १९:२३–२५, लूक १४:२८–३०, याकोब ५:४



गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्याला अनेक वर्षे हातभार लावणारे एक ज्येष्ठ बंधू नेरूळच्या आमच्या कार्यालयात आले. ते नुकतेच कुटुंबासह चिकमगळूरला जाऊन आले होते. तेथील कॉफीचे मळे पाहून त्यांच्या मनात एक विचार आला होता. "ताई, पनवेलच्या वाड्यांतही डोंगर आहे, पाऊस आहे. आपल्या कातकरी कुटुंबांना कॉफीची रोपे देऊ या. खर्च माझा. पाच वर्षांत वाडी आपल्या पायावर उभी राहील." रक्कम मोठी होती आणि त्यामागचे मन त्याहून मोठे होते.

मी लगेच हो म्हटले नाही. असे का, ते या लेखात पुढे येईल. मी त्यांना एवढेच म्हटले, "दादा, आधी आपल्याच राज्यातली कॉफी पाहून येते, मग बोलू." त्याप्रमाणे डिसेंबरात मी, आमचे एक क्षेत्रसेवक आणि तरुण संघातील तिघे असे पाच जण चिखलदऱ्याला जाऊन आलो. तेथे जे पाहिले आणि शिकलो, ते या अंकाच्या अभ्यासासाठी मांडत आहे.

१. चिखलदऱ्याची वाट

ठाण्याहून रात्री अमरावती एक्सप्रेस धरली की सकाळी अमरावतीत उतरता येते. तेथून परतवाडा आणि पुढे घाट चढून चिखलदरा, असा साधारण ८० किलोमीटरचा रस्ता आहे. सकाळी पोहोचून संध्याकाळी परतले तर रात्रीची गाडी मिळते. दोन रात्री रेल्वेत जातात, पण पाहण्यासाठी एक पूर्ण दिवस हाती राहतो.

अमरावती जिल्ह्यातील सातपुड्याच्या रांगांना मेळघाट म्हणतात. चिखलदरा त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले ती ही 'कीचकदरा', अशी लोककथा आहे. जवळच गाविलगड किल्ला आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो मराठ्यांकडून जिंकला. येथील बहुतांश जंगल १९७४ पासून मेळघाट व्याघ्र प्रकल्पाखाली आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक.

येथील मूळ रहिवासी कोरकू. त्यांची भाषा मराठीची किंवा हिंदीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडातल्या संथाळी आणि मुंडारीची बहीण आहे. या कुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा ती हीच. आमच्या तरुणांना हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर मलाही हे कळले ते नवी मुंबईच्या एका बांधकामावर कोरकू मजुरांशी बोलताना, आणि तेही फार उशिरा.

२. मळ्यात काय पाहिले

महाराष्ट्रात कॉफीचे गाव म्हटले की चिखलदऱ्याचेच नाव घेतात. इंग्रजी अमलात येथे येऊन राहिलेल्या युरोपियनांच्या काळापासून ती येथे आहे. पठारावरच्या मरियमपूर या गावाच्या नावातच मिशनकार्याची खूण आहे. कॉफी पाद्र्यांनी आणली, असे येथील लोक सांगतात. आज हे मळे मोठे नाहीत. चिकमगळूर-कुर्गशी त्यांची तुलना होणार नाही. पण शिकायला ते पुरेसे आहेत.

मळा म्हटल्यावर आमच्या तरुणांना चहाच्या चित्रातले उघडे हिरवे डोंगर अपेक्षित होते. प्रत्यक्षात आम्ही एका दाट बागेत शिरलो. वर उंच झाडे होती आणि त्यांच्या सावलीत पुरुषभर उंचीची, गडद चकचकीत पानांची झुडपे. कॉफीला कडक ऊन सोसत नाही. भारतातील बहुतेक कॉफी अशी सावलीतच वाढते. सावली कमी झाली तर अरबिका जातीच्या खोडात पोखरणाऱ्या किड्याचा उपद्रव वाढतो. म्हणून कॉफी लावणाऱ्याला आधी सावलीची झाडे लावावी लागतात.

डिसेंबरात फळे पिकतात. फांदीला चिकटून घोसच्या घोस असतात. काही फळे लाल, काही पिवळट, काही अजून हिरवी. एकाच फांदीवरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे फक्त लाल फळ निवडून हाताने तोडावे लागते आणि त्याच झुडपाकडे पुन्हा पुन्हा यावे लागते. एका फळात सामान्यतः दोन बिया असतात, सपाट बाजू एकमेकींना लावलेल्या. फळाचा गर काढून बिया धुऊन वाळवतात, किंवा अख्खे फळच उन्हात वाळवून नंतर टरफल काढतात. साधारण सहा किलो ताज्या फळांतून एक किलो स्वच्छ बी मिळते, आणि भाजल्यावर तेही घटते. आम्ही तेथेच हिशेब मांडला: आपल्या एका पेल्यामागे जवळजवळ ओंजळभर फळे तोडलेली असतात, एकेक करून.

मार्च-एप्रिलमध्ये एखादी चांगली सर आली की कॉफी फुलते. फुले पांढरी, मोगऱ्याची आठवण करून देणाऱ्या वासाची. ती थोडे दिवसच टिकतात. ती सर वेळेवर आली नाही तर फळ धरत नाही. दक्षिणेत मळेवाले याच सरीकडे डोळे लावून असतात. आपल्याकडचा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरचा. म्हणजे चैत्रात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, या झाडाला पाणी द्यावे लागते. हे वाक्य मी वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

३. एका झाडाचा प्रवास

कॉफी मूळची इथिओपियाची. तेथून ती येमेनला आणि अरब व्यापाऱ्यांच्या हाती गेली. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूंनी मक्केच्या यात्रेहून परतताना येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. त्या डोंगराला आजही त्यांचेच नाव आहे. पुढे इंग्रजी अमलात मोठमोठे मळे झाले. शेजारच्या सिलोनमध्ये तर डोंगरच्या डोंगर कॉफीखाली आले. १८६९ मध्ये तेथे पानांवरचा तांबेरा दिसला आणि काही वर्षांत ते पीक बुडाले. मळेवाले चहाकडे वळले. पण तोडणीसाठी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांचे काय झाले, हे फार थोड्यांनी लिहून ठेवले.

या इतिहासातून एवढेच घ्यायचे. कॉफी हे बाजाराचे पीक आहे. ज्वारी किंवा कुटकीचा भाव पडला तर ती निदान खाता येते. कॉफी खाऊन पोट भरत नाही.

४. कोरकू बाईंचे उत्तर

दुपारी मळ्यात तोडणी करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला आपल्या घरी नेले. पन्नाशीच्या असाव्यात. हिंदी आणि मराठी मिसळून बोलत होत्या. घर मातीचे आणि स्वच्छ सारवलेले. त्यांनी आम्हाला काळा चहा दिला. आमच्यातील एका मुलाने सहज विचारले, "मावशी, तुम्ही कॉफी करत नाही?" बाई हसल्या. "आम्ही तोडतो. पितात दुसरे."

हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या नाहीत. मला मात्र यशया ६५ व्या अध्यायातले ते अभिवचन आठवले. देव जे नवे जग उभारणार आहे त्याचे तेथे दिलेले लक्षण अगदी साधे आहे: लोक घरे बांधतील आणि त्यांत स्वतः राहतील, मळे लावतील आणि त्यांचे फळ स्वतः खातील, एकाने लावायचे आणि दुसऱ्याने खायचे, असे होणार नाही. नवी मुंबईत कोरकू आणि कातकरी हातांनी बांधलेल्या इमारतींमध्ये आपण राहतो. हे वचन आपल्याला परके नाही.

घरामागे कॉफीची दोन झुडपे होती. मी विचारले, "आणखी का नाही लावली?" त्यांचे पती बाहेर बसून दोर वळत होते. ते म्हणाले, "दोन झाडांची कॉफी कोण घेणार? आणि जास्त लावली तर पाणी कोण घालणार? दिवाळीनंतर आम्ही कामाला खाली उतरतो, ते होळीलाच परत येतो." मेळघाटात होळी हा मोठा सण. दूरदूर गेलेले मजूर त्या वेळी गावी येतात. आणि होळीनंतर अनेक जण पुन्हा जातात. म्हणजे कॉफीला पाणी हवे त्याच महिन्यांत घराला कुलूप.

बांधावर मात्र आंब्याची आठ-दहा झाडे चांगली डोक्याएवढी झाली होती. मी त्यांबद्दल विचारले. तेव्हा बाईंनी आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद आणला. तो वनहक्काचा पट्टा होता. पतीचे आणि त्यांचे, दोघांचेही नाव त्यावर होते. त्या म्हणाल्या, "हा कागद आला, मग आंबा लावला. आधी कशाला लावू?"

५. जे या पत्रात छापले नव्हते

"आधी कशाला लावू?" या तीन शब्दांनी मला काही वर्षे मागे नेले. जुन्या वाचकांना आठवत असेल, याच पत्रात मी पनवेल तालुक्यातील एका कातकरी वाडीतील वृक्षलागवडीचे वृत्त लिहिले होते. चाळीस घरांना आंब्याची कलमे दिली, मुलांनी गाणी म्हटली, छायाचित्रही छापले. पुढे काय झाले ते मी लिहिले नाही. आज लिहिते.

त्या दिवाळीनंतर वाडीतील बहुतेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली, पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. कलमांना पाणी घालायला कोणी उरले नाही. काही वाळली, काही शेळ्यांनी खाल्ली. एवढेच असते तर पैशांचे नुकसान म्हणून सोडून देता आले असते. पण वाडी ज्या जमिनीवर होती ती खासगी होती. मालकाने कलमे पाहिली आणि दोन कुटुंबांना झोपड्या हलवायला लावल्या. पिढ्यान्‌पिढ्या ती माणसे तेथे राहत होती. तेव्हा एक आजी मला म्हणाल्या, "ताई, झोपडी असली तर मालकाला चालतं. झाड लावलं की त्याला वाटतं, जमीन आमची झाली."

माझ्याकडे धर्मशिक्षणाची पदविका होती, क्षेत्रातील दहा वर्षांचा अनुभव होता, आणि हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता: ही जमीन कोणाची? झाड हा ताब्याचा पुरावा मानला जातो, हे आजींना ठाऊक होते, मला नव्हते. आमच्या चांगल्या हेतूची किंमत त्या दोन कुटुंबांनी मोजली. त्यांच्यासाठी पुढे दुसऱ्या जागी निवारा उभा राहिला, पण जुनी शेजारसोबत तुटली ती तुटलीच. मी त्यांची क्षमा मागितली आहे. वाचकांचीही मागते, कारण अर्धेच वृत्त देणे हेही खोटेच.

कातकऱ्यांचे नावच खैराच्या काताशी जोडलेले आहे. खैर उकळून कात काढणे हा त्यांचा पिढीजात धंदा होता. जंगलाचे नियम बदलले, झाडावरचा हक्क गेला, तशी ही माणसे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे ढकलली गेली. आज महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. ज्यांचे नाव एका झाडावरून पडले, त्यांना झाड लावायला आज पाय ठेवण्यापुरती जमीन नाही. आपण रोप हातात देतो तेव्हा हा इतिहास आठवला पाहिजे.

६. जेथे हे जमले

म्हणजे कॉफीने आदिवासींचे भले होतच नाही असे नाही. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकरी कॉफी पिकवतात. सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिरीचे वेल आणि खाली कॉफी. तेथे शासनाच्या आदिवासी विकास यंत्रणेने वर्षानुवर्षे लागवडीला साथ दिली. लहान शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली, फळे एकत्र गोळा करून त्यांवर प्रक्रिया होऊ लागली. २०१७ मध्ये अराकू कॉफीचे दुकान पॅरिसमध्ये उघडले आणि २०१९ मध्ये अराकूच्या अरबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण हे फळ दिसायला कित्येक वर्षे लागली, आणि मुख्य म्हणजे लावणारा तेथे मजूर नव्हता, शेतकरी होता.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाचे घ्या. २०१२ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेने उजाड डोंगर राखला, आणि तेथील सीताफळे गावाने स्वतः मुंबईपर्यंत पाठवली. तेथे कोणी नवे पीक आणून दिले नाही. होते ते त्यांचे झाले, म्हणून त्यांनी ते जपले.

७. देण्याआधी विचारायचे चार प्रश्न

लूक १४ मध्ये प्रभू बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट सांगतो. शहाणा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. आपण खर्च म्हणजे फक्त पैसा समजतो. परतीच्या गाडीत आम्ही पाच जणांनी मिळून हे चार प्रश्न लिहिले.

पहिला: जमीन कोणाची? २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. तो वारसाने जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. दावा ग्रामसभेतून उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. खासगी जमिनीवरील वाडीचा मार्ग निराळा आहे. तेथे महसुली कागद आणि कूळ कायदा जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा लागतो.

दुसरा: फळ येईपर्यंत घर कशावर चालेल? कॉफीला पहिले पीक तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. लेवीय १९ मध्ये देवाने इस्राएलाला सांगितले की झाड लावल्यावर तीन वर्षे फळ खाऊ नये, चौथ्या वर्षाचे परमेश्वराला द्यावे, पाचव्या वर्षी स्वतः खावे. ही आज्ञा पाळायची तर माणूस पाच वर्षे एका जागी राहू शकला पाहिजे. दर दिवाळीला भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाकडून आपण ही अपेक्षा कशी करणार?

तिसरा: माती, उंची आणि पाणी काय सांगतात? अरबिकाला साधारण हजार मीटरच्या वरची थंड हवा मानवते, रोबस्टाला त्याखालची, पण तीही पाचशे मीटरच्या पुढची. आपल्या वाड्या माथेरानच्या पायथ्याशी आहेत. खुद्द माथेरानच सुमारे आठशे मीटरवर आहे. चिकमगळूरमध्ये जे डोळ्यांना सुंदर दिसले ते पनवेलला रुजणार नाही.

चौथा: शेवटी दाम कोणाच्या हाती? याकोब म्हणतो की कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. फळ तोडणारा, गर काढणारा, भाजणारा आणि विकणारा यांत दाम कसा वाटला जातो, हे कळल्याशिवाय कोणालाही बाजाराच्या पिकात उतरवू नये.

८. शेवट

परतल्यावर मी त्या ज्येष्ठ बंधूंना भेटले. आजींची हकिगत सांगितली, कोरकू बाईंच्या कागदाबद्दल सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या कॉफीला जागाच नाही." मी म्हटले, "दादा, कॉफीला नाही. तुमच्या देणगीला आहे." वनजमिनीवरील दोन वाड्यांचे दावे कागदाअभावी अडकले आहेत. मोजणी, नकाशे, जुने पुरावे गोळा करणे, आणि मुख्य म्हणजे सुनावणीच्या दिवशी बुडणारी मजुरी, हा सगळा खर्च आहे. याचे छायाचित्र छापण्यासारखे होत नाही. त्यांनी थोडा विचार करून होकार दिला. म्हणाले, "पट्टे आले की मला बोलवा. झाड कोणते लावायचे ते वाडीवाल्यांनाच ठरवू द्या."

दावे मंजूर होतील की नाही हे आज सांगता येत नाही. जे घडेल ते, बरे असो वा वाईट, या पत्रात पूर्ण छापले जाईल, एवढे वचन देते.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. यशया ६५:२१–२२ वाचा. आपल्या घरातील, ताटातील, पेल्यातील कोणती वस्तू अशी आहे, जी करणाऱ्याला स्वतः वापरता येत नाही?

२. आपल्या मंडळीने दिलेल्या एखाद्या मदतीचे पुढे काय झाले, हे कोणी जाऊन पाहिले आहे का? नसल्यास कोण जाईल?

३. "आधी कशाला लावू?" या उत्तरात आळस आहे की शहाणपण? कारणे द्या.

४. आपल्या परिसरातील कामगार नाक्यावर किंवा बांधकामावर कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात? या महिन्यात एका कुटुंबाचे गाव आणि भाषा विचारून घ्या.

प्रार्थनेचे विषय

दोन वाड्यांचे प्रलंबित दावे. भट्ट्यांवर गेलेली कुटुंबे आणि त्यांच्याबरोबर शाळा सुटलेली मुले. मेळघाटातून कामासाठी नवी मुंबईत आलेले कोरकू बंधुभगिनी. आणि आम्हा सेवकांना देण्याआधी विचारण्याची नम्रता.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी